फुगा नेमकं काय मोजतो? नववीच्या वर्गातल्या यीस्टच्या प्रयोगाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

शाळा सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवरची, अनुदानित, मराठी माध्यमाची. नववीच्या तुकडीत ४४ मुलं-मुली. प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली, तीन ओटे, एक बेसिन, दोन तापमाप्या आणि चालू असलेला एकच सूक्ष्मदर्शक. मी शेजारच्या गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. या वर्गाच्या बाईंनी बोलावलं म्हणून मागच्या बाकावर बसून मी त्यांच्या तासिका पाहिल्या आणि टिपणं ठेवली. शाळेचं, बाईंचं, मुलांचं नाव मुद्दाम देत नाही. बाईंनी हे सगळं वाचलं आहे. आपलं जिथे चुकलं ते गाळू नका, असं त्यांनीच सांगितलं.

नववीत उपयुक्त आणि उपद्रवी सूक्ष्मजीवांचा पाठ आहे. त्यात किण्व, म्हणजे आपलं यीस्ट, येतं. एरवी या शाळेत तो पाठ असा होई: बाई एका बाटलीत यीस्ट, साखर, कोमट पाणी घालून तोंडावर फुगा चढवत, फुगा फुगे, मुलं टाळ्या वाजवत आणि प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान उतरवून घेत. काही मुलांचं अनुमान प्रयोग सुरू होण्याआधीच लिहून तयार असे, कारण मागच्या वर्षीच्या वह्या घराघरांत होत्याच.

अडचण

बाईंना खटकत होतं ते हेच. त्यांनी एकदा मुलांना विचारलं, "फुगा फुगला म्हणजे काय झालं?" उत्तर आलं, "यीस्टची वाढ झाली." वर्गात त्यावर एकमत होतं. मग त्यांनी विचारलं, "कशावरून?" उत्तर आलं, "फुगा फुगला म्हणून." हे गोल फिरणं थांबवायचं आणि प्रश्न मुलांच्या हातात द्यायचा, असं त्यांनी ठरवलं.

अडथळे नेहमीचेच होते. तासिका ३५ मिनिटांची, आणि यीस्टला जागं व्हायलाच दहा-पंधरा मिनिटं लागतात. घटक चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. पर्यवेक्षकांनी विरोध केला नाही, पण "अभ्यासक्रम मागे पडू देऊ नका" एवढं सांगितलं, आणि त्यांची बाजूही खोटी नव्हती.

समोरचे पर्याय

एक मार्ग नेहमीचा, प्रात्यक्षिक बाईंनी करून दाखवायचं. वेळ वाचतो, पण अडचण तिथल्या तिथेच राहते. दुसरा, सगळ्या गटांना एकच लेखी कृती द्यायची. हात चालतात, डोकं चालेलच असं नाही. तिसरा, साहित्य मांडायचं आणि "हवं ते शोधा" म्हणून मोकळं सोडायचं. बाईंना हा मनापासून आवडत होता. मी त्यांना परावृत्त केलं. ४४ मुलं, दोन तापमाप्या आणि एक बेसिन घेऊन असं मोकळं सोडलं की चार धीट मुलं शोध लावतात आणि बाकीची चाळीस बघत उभी राहतात. माझ्या वर्गात मी हे करून पाहिलं आहे.

शेवटी ठरलं ते मधलं. बाटली, पाणी, यीस्ट, वेळ आणि मोजण्याची रीत सगळ्यांची सारखी. प्रत्येक गटाने एकच गोष्ट बदलायची, कोणती ते गटाने ठरवायचं आणि काय होईल याचा अंदाज आधी कारणासकट लिहून द्यायचा. गट आठ. दोन-दोन तासिका जोडून दोन दिवस, असा हिशोब होता. प्रत्यक्षात चार दिवस लागले.

बाटल्यांचा प्रश्न मुलांनीच सोडवला. पातळ प्लास्टिकच्या बाटल्या गरम पाण्याने चेपतात, म्हणून त्यांनी घरून कोकम सरबताच्या काचेच्या बाटल्या आणल्या. मूळ कृती अशी: १०० मिलिलिटर पाणी, ५ ग्रॅम साखर, २ ग्रॅम ड्राय यीस्ट, तोंडावर फुगा. दर दहा मिनिटांनी फुग्याचा घेर दोऱ्याने मोजायचा आणि दोरा मोजपट्टीवर धरायचा.

पहिला दिवस: एकही फुगा फुगला नाही

आठ बाटल्या मांडल्या, चाळीस मिनिटं झाली, आठही फुगे लोंबत होते. मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, फुगो फुगलोच नाय." वर्ग हसला. बाईंचा चेहरा उतरला.

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता. मोबाइलवर व्हिडिओ दाखवून धडा पुरा करता आला असता. बाईंनी तो मोह टाळला आणि फळ्यावर लिहिलं, "का फुगला नाही?" मुलांनी सहा कारणं दिली: पाणी फार गरम होतं, साखर कमी पडली, फुगे घट्ट होते, बाटली गळत होती, वेळ कमी दिला, यीस्ट जुनं होतं. मग बाईंनी विचारलं, "यातलं कोणतं कारण आठही बाटल्यांना लागू पडतं?" पाणी सगळ्याच बाटल्यांत सारखं गरम नव्हतं, म्हणजे ते कारण गेलं. सगळ्याच बाटल्या गळणार नाहीत, तेही गेलं. राहिलं यीस्ट, साखर, वेळ आणि घट्ट फुगे. यीस्टचं पाकीट जूनमध्ये फोडलेलं होतं आणि कोकणातला अख्खा पावसाळा त्याने कपाटात काढला होता. एका मुलीने सुचवलं, बेकरीतून ताजं आणू आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवू. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दोन पेल्यांत ते करून पाहिलं. ताज्या यीस्टवर पंधरा मिनिटांत फेसाचा थर चढला, जुन्याचा गाळ तळाशी बसला. साखर आणि वेळ दोन्हीकडे सारखेच होते, आणि पेल्यांना फुगे नव्हतेच.

माझ्या मते चारही दिवसांतला हा सर्वांत चांगला शोध होता, आणि नेमका तोच कोणाच्या वहीत नाही. पहिल्या दिवशी एकाने विचारलं होतं, "बाई, हे वहीत लिहायचं का?" बाई घाईत म्हणाल्या, "झालाच नाही तर काय लिहिणार?" नंतर त्यांना याची सगळ्यात जास्त हळहळ वाटली.

दुसरा दिवस: साठ अंशांचा फुगा

चार गटांनी तापमान निवडलं. मासळी बाजारातून आणलेल्या बर्फात (बर्फ बाटलीच्या बाहेर, बादलीत) साधारण १० अंश, खोलीचं तापमान २७, कोमट ३८ आणि कडक ६०. उरलेल्या चार गटांनी बाटलीत काय घालायचं ते बदललं: साखरेऐवजी गूळ, साखरेऐवजी दूध, साध्या पाण्याऐवजी साखर घातलेलं कोकमाचं आगळ (कोकमाचा घट्ट रस), आणि दुप्पट साखर.

पाचव्या मिनिटाला ६० अंशांचा फुगा ताठ उभा राहिला, घेर १५ सेंटिमीटर. बाकीचे अजून लोंबत होते. त्या गटाने आनंदाने हात उंचावले. "जेवढं गरम तेवढं यीस्ट जोरात," असा निष्कर्ष वहीत उतरलाही. विसाव्या मिनिटाला तो फुगा मऊ पडला आणि चाळिसाव्याला पुन्हा लोंबकळू लागला. तोवर ३८ अंशांचा फुगा २४ सेंटिमीटरवर पोचला होता आणि २७ अंशांचा १८ वर. बर्फातल्या बाटलीत काहीच घडलं नव्हतं.

दुसरा निर्णय इथला. "गरम पाण्याने यीस्ट मेलं" हे वाक्य बाईंच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. ते खरंही होतं, ५५-६० अंशांना यीस्टच्या बहुतेक पेशी तग धरत नाहीत. पण मग आधी फुगा उभा कसा राहिला? त्याचं उत्तर त्या वाक्यात नाही. बाई गप्प राहिल्या. थोड्या वेळाने एवढंच म्हणाल्या, "यात यीस्ट नसतं तर काय झालं असतं?"

तिसऱ्या दिवशी गटाने यीस्ट न घालता ६० अंशांचं पाणी बाटलीत ओतून फुगा चढवला. फुगा तसाच उभा राहिला आणि तसाच पडला. बाटलीतली हवा तापून प्रसरण पावते, त्यात गरम पाण्याची वाफ मिसळते. पाणी निवलं की दोन्ही आटोपतं. सातवी-आठवीत शिकलेलं उष्णतेने होणारं प्रसरण मुलांना इथे, फुग्यात भेटलं. गटातल्या मुलाने वहीतलं आधीचं वाक्य खोडलं नाही. त्याच्यापुढे कंस करून त्याने लिहिलं, "हे हवेमुळे."

यीस्ट नसलेली बाटली, म्हणजे तुलनेची बाटली, पुस्तकी कृतीत पहिल्यापासून असती तर हे सगळं दोन मिनिटांत आटोपलं असतं. ती मुद्दाम न ठेवणं योग्य होतं का, यावर बाईंचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांना वाटतं, गरज पडल्यावर मुलांनी ती मागावी. मला वाटतं, ४४ मुलांपैकी ती गरज पाच-सहा जणांनाच खऱ्या अर्थाने जाणवली. बाकीच्यांनी त्या गटाचा निकाल नुसता ऐकला.

आणखी एक गोष्ट याच दिवशी निघाली. २४ आणि १८ हे आकडे जवळजवळचे वाटतात, म्हणून मुलं म्हणाली, "फारसा फरक नाही." गणिताचे सर सहज डोकावले होते. त्यांनी गोलाच्या घनफळाचं सूत्र आठवायला लावलं. घेर दुप्पट झाला तर घनफळ आठपट होतं. १८ वरून २४ म्हणजे घनफळ २.३७ पट, सुमारे १०० मिलिलिटरवरून सुमारे २३० वर. मुलांनी घेराचा आलेख बाजूला ठेवून घनफळाचा काढला आणि तो एकदम चढा झाला.

आगळाची बाटली

आगळाच्या गटाचा फुगा हललाच नाही. गटाने निष्कर्ष काढला, "आंबटपणामुळे यीस्ट मरतं." ऐकायला पटणारं वाक्य. बाईंनी विचारलं, "आगळ घरी कसं करतात?" एक मुलगी लगेच म्हणाली, "आजी कोकमात मीठ घालते." आणि बोलता बोलताच थांबली.

तिसऱ्या दिवशी या गटाने आगळ बाजूला ठेवून दोन बाटल्या केल्या. दोन्हींत मूळ कृतीचं साखरपाणी आणि यीस्ट; एकीत लिंबाचे दहा थेंब, दुसरीत दहा ग्रॅम मीठ. लिंबाची बाटली साध्या बाटलीच्या बरोबरीने फुगली, मिठाची जवळपास ढिम्म. यीस्टला थोडा आंबटपणा मानवतो. तीव्र मिठाच्या द्रावणात मात्र पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तिचं काम मंदावतं. लोणच्यात आणि खाऱ्या मासळीत मीठ काय काम करतं, हे किनाऱ्यावरच्या मुलांना निराळं सांगावं लागलं नाही. त्यांनीच ते बाईंना सांगितलं.

बाकीच्या गटांचं थोडक्यात. गुळाची बाटली साखरेइतकीच फुगली. दुधाची फुगली नाही, कारण बेकरीच्या यीस्टला दुधातली शर्करा, लॅक्टोज, वापरता येत नाही. त्याच दुधात साखर घातल्यावर फुगा वर आला. दुप्पट साखरेने चाळीस मिनिटांत काहीच फरक पडला नाही, आणि मुलांना त्याचं फार आश्चर्य वाटलं. ५ ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर जवळपास १.४ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. फुग्यात आला होता त्याचा लहानसा भाग. म्हणजे आधीचीच साखर संपली नव्हती, तर वाढीव साखर काय करणार?

"बाई, ही दारूच ना?"

किण्वनात, म्हणजे यीस्ट साखर आंबवतं तेव्हा, कार्बन डायऑक्साइडबरोबर इथेनॉलही तयार होतं. फळ्यावर हे येताच प्रश्न आला, आणि हसू उसळलं. एका मुलाने मान खाली घातली. ज्या गावात माडी आणि काजूची दारू घराघरांत ठाऊक आहे, तिथे हा प्रश्न येणारच होता.

बाईंनी तो टाळला नाही. हो, तोच पदार्थ, पण इथे अगदी थोडा, असं त्यांनी सांगितलं. गोव्यात पोईचं, म्हणजे तिथल्या पावाचं, पीठ पूर्वापार माडाच्या सुरेने (माडीने) आंबवत, तीही यीस्टचीच करणी. भट्टीत पाव भाजताना त्यातलं बहुतेक इथेनॉल उडून जातं. प्रयोगशाळेतलं काहीही तोंडात घालायचं नाही, आणि बाटल्या सगळ्यांसमोर बेसिनमध्ये रिकाम्या करायच्या. दारूचे दुष्परिणाम यावर भाषण त्यांनी केलं नाही. त्या मुलाची मान बघता ते न करणंच मला योग्य वाटलं.

एवढी सूचना देऊनही एकाने उरलेलं मिश्रण बाटलीत ठेवून, झाकण घट्ट लावून, दप्तरात टाकलं. घरी जाऊन आणखी किती वायू होतो ते बघायचं होतं त्याला. शेजारच्या मुलीने सांगितलं म्हणून कळलं. बंद काचेच्या बाटलीत वायू साठत गेला तर ती फुटू शकते. बाईंनी त्याला रागावून न बोलता सगळ्यांना कारण समजावलं, पण नियम आदल्या दिवशीच फळ्यावर हवा होता.

चौथा दिवस: वाढ की वायू

सुरुवातीपासून फळ्यावर शीर्षक होतं, "यीस्टच्या वाढीवर तापमानाचा परिणाम". चौथ्या दिवशी बाईंनी पुन्हा विचारलं, "फुगा काय मोजतो?" आता उत्तरं वेगळी होती. "वायू." "वायू आणि तापलेली हवा." एक जण म्हणाला, "पाण्यात विरघळलेला वायू तर मोजलाच जात नाही, सोड्यात असतो तसा." हे खरं आहे, आणि ते प्रमाण लहान नाही. २५ अंशांना १०० मिलिलिटर पाणी पूर्ण संपृक्त झालं तर सुमारे ८० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. सुरुवातीचा काही काळ फुगा ढिला राहतो, त्याचं हेही एक कारण.

मग वाढीचं काय? उत्तम परिस्थितीतही यीस्टच्या पेशींची संख्या दुप्पट व्हायला साधारण दीड तास लागतो. चाळीस मिनिटांत फुग्यात आलेला वायू हा बव्हंशी आधीच असलेल्या पेशींचं काम होतं. वाढ बघायची तर पेशी मोजायला हव्यात. बाईंनी कोमट बाटलीतला आणि ६० अंशांच्या बाटलीतला थेंब स्लाइडवर घेऊन त्यावर मिथिलीन ब्लू सोडलं. जिवंत पेशी हा रंग निष्प्रभ करतात आणि फिक्या राहतात, मेलेल्या निळ्या दिसतात. रांगेने सगळ्यांनी पाहिलं. ६० अंशांच्या थेंबात निळंच निळं. कोमट थेंबात फिक्या पेशी आणि काहींना चिकटलेल्या इवल्या कळ्या. पुढच्या वर्षी दहावीत येणारं कलिकायन, म्हणजे कळी येऊन नवी पेशी होणं, इथे आपोआप दिसलं.

वाढ आणि वायू यांची गल्लत एकट्या मुलांची नव्हे. १८९७ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर वाटून, पिळून, पेशीविरहित रस काढला. त्यात साखर घातल्यावर बुडबुडे आले. पेशीच नाहीत, म्हणजे वाढीचा प्रश्नच नाही, तरी किण्वन चालू. तोवर जिवंत पेशीशिवाय हे घडत नाही, असं पाश्चरसारखे मोठे शास्त्रज्ञ मानत आले होते. या कामासाठी बुखनर यांना १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बाईंनी ही गोष्ट सांगितली आणि एका मुलीला उठवून फळ्यावरचा शब्द बदलायला लावला. तिने "वाढीवर" पुसून "वायूनिर्मितीवर" लिहिलं.

काय हाती लागलं

घटक चाचणीत या पाठाच्या गुणांत डोळ्यांत भरावा असा फरक पडला नाही. चाचणीत प्रश्न होते व्याख्यांचे आणि उपयोगांचे. फरक दिसला तो प्रयोगवह्यांत. अनुमानाच्या रकान्यात पूर्वी एक वाक्य असे. आता बऱ्याच वह्यांत "पण" या शब्दाने सुरू होणारं दुसरं वाक्य आलं होतं: "पण फुगा आधी ताणून घेतला नव्हता", "पण बाटली निवत गेली".

किंमतही मोजावी लागली. ठरवल्यापेक्षा चार तासिका जास्त गेल्या, आणि पुढचा पाठ बाईंना भरभर उरकावा लागला.

पुन्हा करायचं झाल्यास

यीस्ट आदल्या दिवशी तपासायचं. एक पेला, कोमट साखरपाणी, पंधरा मिनिटं, फेस. पण मग पहिल्या दिवसाचा तो शोध हातचा जातो. बाईंनी यावर तोडगा काढला आहे: जुनं पाकीट फेकायचं नाही, पुढच्या वर्षी दोन गटांना न सांगता तेच द्यायचं. मुलांना असं फसवणं मला पटत नाही. त्यापेक्षा "हे जुनं, हे ताजं, फरक पडतो का बघा" असं उघड सांगावं.

आठ वेगळ्या परिस्थितींऐवजी चारच घ्यायच्या आणि प्रत्येकीच्या दोन बाटल्या करायच्या. आमच्याकडे ३८ अंशांची एकच बाटली होती. तो फुगा गळका निघाला असता तर आलेखच उलटा झाला असता, आणि आम्हाला पत्ताही लागला नसता. फुगे आधी दोन-तीनदा फुगवून सैल करून घ्यायचे. दारूचा विषय निघणार हे मुख्याध्यापकांच्या कानावर आधीच घालायचं.

माझ्या टिपणांत एक गोष्ट आहे ती बाईंना दिसली नव्हती, मीही चौथ्या दिवशी वाचताना पाहिली. आठपैकी सहा गटांत तापमापी आणि दोरा मुलांच्या हाती होता, आणि बाटल्या धुण्याचं, आकडे लिहून घेण्याचं काम मुलींकडे. आगळातलं मीठ ओळखणारी मुलगीही बाटल्या धुणाऱ्यांतलीच. कामं दर दहा मिनिटांनी, म्हणजे दर मोजणीला, आळीपाळीने बदलायची असा नियम पुढच्या वेळी पहिल्या तासिकेतच सांगायचा, असं आम्ही दोघींनी ठरवलं आहे.

शेवटच्या तासिकेला फळ्यावर एक प्रश्न राहिला: इडलीच्या पिठात यीस्ट घालत नाहीत, मग ते कसं फुगतं? ते काम मुख्यतः जिवाणूंचं, हे बाईंना ठाऊक आहे. त्यांनी ते सांगितलं नाही. दोन मुलींनी घरचं वाटलेलं पीठ आणायचं कबूल केलं आहे. पीठ फुगायला रात्र लागते, ती शाळेत कशी काढायची हे अजून ठरायचं आहे.